व्यापारी म्हणजे फिरणारा: हिब्रूतला 'सोहेर'

मागच्या व्हिडिओत मी 'सोहेर' हा शब्द घाईघाईत सांगून पुढे गेलो. तो नीट समजून घेऊ.

बायबलचा जुना करार जवळजवळ सगळा हिब्रूत आहे. त्यात व्यापाऱ्याला 'सोहेर' म्हणतात. (यातला 'ह' घशातून काढायचा.) धातू 'साहर', अर्थ इकडेतिकडे फिरणं. म्हणजे व्यापाऱ्याला नाव पडलं ते गल्ल्यावरून नाही, पायांवरून. आपला फेरीवाला तसाच की!

उत्पत्तीच्या 42व्या अध्यायात दुष्काळ आहे. योसेफाचे भाऊ मिसर देशातून धान्य घेऊन घरी येतात आणि बापाला तिथल्या अधिकाऱ्याची अट सांगतात: धाकट्याला घेऊन या, मग तुम्हाला देशात 'साहर' करता येईल. कोणी याचं भाषांतर 'व्यापार करा' असं करतं, कोणी 'मोकळे फिरा'. मला विचाराल तर भांडण कशाला? ज्याला देशात फिरायचीच मुभा नाही, तो खरेदी काय करणार!

23वा अध्याय तर प्रत्येक दुकानदाराने वाचावा. सारा वारली, तिला पुरायला अब्राहाम मकपेलाची गुहा मागतो. मालक एफ्रोन आधी म्हणतो, फुकट घ्या. मग हळूच, 400 शेकेलची जमीन, आपल्यात त्याचं काय एवढं! (असे पार्टीवाले आपणही पाहिलेत.) अब्राहाम घासाघीस न करता चांदी तोलून देतो. ती चांदी कसली? 'ओवेर ला-सोहेर'. 'ओवेर' म्हणजे पुढे जाणारी, पार होणारी. फिरत्या माणसाकडे चालणारी चांदी. आपणही 'ही नोट चालते का' असंच विचारतो, आणि पैशाला 'चलन' म्हणतो.

मात्र धातूचा अर्थ सगळीकडे ताणू नका. यशयाच्या 23व्या अध्यायात सोर शहराचे 'सोहेर' राजपुत्रांच्या तोडीचे आहेत, त्यांचा माल समुद्रावरून जायचा. ते काही गाठोडं घेऊन दारोदार जात नव्हते.

स्तोत्रसंहितेच्या 38व्या स्तोत्रात हाच धातू काळजासाठी येतो: 'सेहरहर'. काळीज गरगर फिरतंय, धडधडतंय. हा शब्द मला लगेच कळला. तीन वर्षांपूर्वी दुकान जरा बसलं आणि मी होलसेल बाजारात जाणं सोडलं. व्हॉट्सअॅपवर फोटो बघून ऑर्डर. बीबीएला मार्केट रिसर्च शिकलेला माणूस मी! दिवाळीला 140 कुर्ते पडून राहिले. मागच्या गल्लीत तेच कापड माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात विकलं जात होतं, आणि मला ते एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

आता महिन्यातले दोन सोमवार शटर बायको उघडते. मी पहाटेच्या एसटीने बाजारात.