प्रखर लेसर स्पंद आणि अणूतून निघणारा प्रकाश

प्रकाशाची वारंवारता ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, तर तो कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही, हा नियम बारावीला आपण पाठ करतो. त्यामागची अट मात्र बहुधा लक्षात राहत नाही. एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच फोटॉन घेतो, ही ती अट होय. ती सुटल्यास काय घडते, ते आपण पाहू.

आर्गॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचा एक फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. म्हणजे निदान ११ फोटॉनांनी एकदम काम केले पाहिजे. साध्या प्रकाशात हे जवळजवळ अशक्यच.

एक वॅटचा दिवा सेकंदाच्या हजाराव्या भागात जेवढी ऊर्जा वापरतो, तेवढीच ३० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात कोंबली, तर शक्ती ३० अब्ज वॅटच्या वर जाते. (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग.) असा स्पंद भिंगाने बारीक ठिपक्यावर एकवटला, की त्याचे विद्युतक्षेत्र अणूच्या ओढीला आव्हान देते. अणू ही विहीर समजा. हे क्षेत्र विहिरीचा एका बाजूचा कठडा खाली वाकवते आणि इलेक्ट्रॉन निसटतो. हेच आयनीभवन.

पण लहरीचे क्षेत्र लगेच उलटते आणि इलेक्ट्रॉन वेगाने माघारी येतो. तो पुन्हा अणूत सामावला, तर साठलेली सर्व ऊर्जा एकाच फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. ऊर्जा जास्त, म्हणून तरंगलांबी कमी. फ्रान्समध्ये ॲन लुइलिए व सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास १०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशापासून ३३ व्या पटीचा, म्हणजे सुमारे ३२ नॅनोमीटरचा प्रकाश मिळविला. याच वाटेने पुढे अतिसूक्ष्म काळाचे स्पंद तयार झाले. त्यासाठी २०२३ चे नोबेल पारितोषिक लुइलिए, पिएर अगोस्तिनी व फेरेंक क्राउझ यांना मिळाले.

हा विषय परदेशापुरता नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी प्रखर स्पंदांचा पदार्थावरील परिणाम अभ्यासला. रवींद्र कुमार यांना २००३ चा भटनागर पुरस्कार मिळाला. हातकणंगल्याच्या विद्यार्थ्यांना ती वाट मोकळी आहे. नियमाबरोबर त्याची अटही समजून घेण्याची सवय मात्र हवी.

सुरुवात एका गणिताने करावी. निऑनला २१.५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्याच लेसरचे किती फोटॉन लागतील? उत्तर १४ आले पाहिजे.