चारचौघांची भीती : भित्रेपणा नव्हे, उपचार असलेला आजार

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत जयंतीची लगबग सुरू होते. वर्गणी, मंडप, निळे झेंडे आणि मुलांची भाषणे. यादीत एका मुलाचे नाव असते. घरात त्याचे भाषण तोंडपाठ असते. पण त्या संध्याकाळी पोट दुखते म्हणून तो अंथरुणातून उठत नाही. मोठी माणसे म्हणतात, "बाबासाहेबांची लेकरं आपण, आणि हा माइकला घाबरतो!" सगळे हसतात. पुढच्या वर्षी तो मुलगा नाव देत नाही.

गोष्ट इथेच थांबली तर काळजीचे कारण नाही. माइकची भीती बहुतेकांना वाटते. पण तोच मुलगा पुढे तोंडी परीक्षेला जात नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, तरी खिडकीवर जाऊन विचारत नाही. मुलाखतीचे पत्र आले तर ते कपाटात ठेवून देतो. ओळखीचे कोणी दिसले की 'जय भीम' घालावा लागेल म्हणून गल्ली बदलतो. असे होत असेल, तर तो आळशी नाही, गर्विष्ठ नाही आणि भित्राही नाही. त्याला कदाचित सामाजिक चिंताविकार आहे. डॉक्टर याला 'सोशल अँक्झायटी' म्हणतात. या आजारावर उपचार आहेत. ते कोणते आणि कुठे मिळतात, हे या अंकात समजून घेऊ.

आजार ओळखायचा कसा?

लोक आपल्याकडे बघतील, आपल्यात खोट काढतील, आपली फजिती होईल, ही या आजारातली मुख्य भीती. ही भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असते. शरीरही साथ सोडते. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, तोंड कोरडे पडते, आवाज फुटत नाही, डोके रिकामे होते. काहींना चारचौघांत जेवता येत नाही, कोणी बघत असताना सही करता येत नाही, फोन उचलता येत नाही.

साधा लाजाळू माणूस सुरुवातीला गप्प बसतो आणि थोड्या वेळाने रुळतो. लाजेमुळे त्याचे शिक्षण किंवा काम अडत नाही. आजारात मात्र माणूस आठवडाभर आधीपासून झुरतो, प्रसंग टाळतो किंवा जीव मुठीत धरून सोसतो, आणि नंतर रात्रभर 'मी असे का बोललो' हेच उगाळत बसतो. हे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालले असेल आणि त्यामुळे शाळा, नोकरी, नातीगोती बिघडत असतील, तर तपासणी करून घ्यावी.

हा आजार बहुधा किशोरवयात, म्हणजे आठवी-नववी-दहावीच्या सुमारास सुरू होतो. मुलींच्या बाबतीत तो जास्त लपतो. 'किती शांत पोरगी, वर मान करून बघत नाही,' असे तिचे कौतुक होते. त्या कौतुकाखाली एखादी मुलगी वर्षानुवर्षे गुदमरत असते.

भीती टिकून का राहते?

एकाच कारणाने हा आजार होत नाही. काहींच्या घराण्यात चिंतेचा स्वभाव असतो. काहींच्या लहानपणी वर्गात फजिती, चिडवणे, मारझोड झालेली असते. अनेकांत दोन्ही एकत्र येते. पण भीती कशीही सुरू झाली, तरी ती टिकते ती टाळण्यामुळे.

समजा, एक मुलगी रेशनच्या दुकानात जायला घाबरते. ती भावाला पाठवते. त्या क्षणी तिला हायसे वाटते. मन त्यातून एकच धडा घेते : 'गेले नाही म्हणून वाचले.' पुढच्या वेळी भीती आणखी वाढते. दुकानात गेली असती तर काहीच झाले नसते, हे कळण्याची संधीच तिला मिळत नाही. कधी गेली, तर मान खाली घालून, पुटपुटत बोलते आणि सारे लक्ष स्वतःच्या थरथरत्या हातांवर ठेवते. समोरचा माणूस खरोखर हसतोय की नाही, हे ती बघतच नाही. उपचार नेमके हेच चक्र तोडतात.

अपमान खरा असतो तेव्हा

आपल्या घरांसाठी हा या धड्याचा महत्त्वाचा भाग आहे. 'लोक काही म्हणत नाहीत, तुझ्या मनाचे खेळ आहेत,' असे आपल्याला सरसकट सांगता येत नाही. आपल्याला लोक म्हणालेले आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिले आहे की शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. आजही आडनाव विचारले जाते, वर्गात आरक्षणावरून टोमणे बसतात. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ मध्ये तिच्या अहवालाने भेदभाव होत असल्याचे नोंदवले. तेव्हा आपल्या मुलांची सावधगिरी उगाच आलेली नाही.

मग आजार आणि सावधगिरी यांतला फरक कसा कळावा? एक प्रश्न विचारून बघावा. ही भीती फक्त जिथे अपमान झाला तिथेच वाटते, की आपल्या माणसांतही वाटते? मावशीच्या घरी, विहारात, मित्राच्या हळदीलाही वाटते? ज्या शिक्षकाने कधी वाईट शब्द काढला नाही त्याच्यापुढेही वाटते? पहिल्या प्रकारात आधी न्याय हवा : कॉलेजचा समान संधी कक्ष, लेखी तक्रार, गरज पडल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. दुसऱ्या प्रकारात उपचार हवा. पुष्कळांना दोन्ही हवे असते. भीती आटोक्यात आली की तक्रार करण्याचे बळही येते. म्हणून डॉक्टरांपुढे जातीवरून झालेला छळ लपवू नये. तो सांगितल्याशिवाय त्यांना पूर्ण चित्र दिसणार नाही.

उपचार कोणते?

पहिला उपचार बोलण्याचा. याला विचार-वर्तन उपचार म्हणतात. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाबरोबर आठवड्याला एक, अशा साधारण १२ ते १६ बैठका होतात. त्यात भीतीमागचे विचार तपासतात आणि टाळलेले प्रसंग सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने करून बघतात. जणू एक शिडीच. आपल्या वस्तीतल्या मुलाची शिडी अशी असू शकेल :

१. विहारातल्या एका ओळखीच्या वडीलधाऱ्यांना रोज 'जय भीम' म्हणणे.
२. दुकानदाराकडे सुटे पैसे मागणे.
३. बसमध्ये कंडक्टरला थांब्याबद्दल मोठ्याने विचारणे.
४. रविवारच्या वंदनेत पहिल्या रांगेत बसणे.
५. वर्गात एक प्रश्न विचारणे.
६. शिष्यवृत्तीच्या कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करणे.
७. जयंतीच्या सभेत दोन मिनिटे बोलणे.

एक पायरी पुन्हा पुन्हा करावी आणि भीती उतरेपर्यंत तिथे टिकून राहावे. मग पुढची पायरी. सातवी पायरी प्रत्येकाने गाठलीच पाहिजे असे नाही. वक्ता घडवणे हे उपचाराचे काम नाही. आपल्या हक्काची गोष्ट आपल्या तोंडाने मागता यावी, एवढे साधले तरी खूप झाले.

दुसरा उपचार औषधांचा. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम अशा गटातली औषधे यासाठी वापरतात. ती मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिल्यावरच घ्यावीत. त्यांचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून 'आठ दिवस घेतले, काही फरक नाही' असे म्हणून सोडू नयेत. पहिल्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल असा त्रास होऊ शकतो आणि बहुधा तो कमी होतो. तरुण मुलांत सुरुवातीला अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार आले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटल्यावरही ही औषधे काही महिने चालू ठेवावी लागतात आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागतात. या औषधांची चटक लागत नाही. झोपेच्या व 'टेन्शनच्या' काही गोळ्यांची मात्र लागते, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.

एक धोका वेगळा सांगायला हवा. 'एक पेग मारला की बोलता येते' हे अनेक तरुणांना ठाऊक असते. दारूने भीती तासाभरापुरती दबते, दुसऱ्या दिवशी वाढून परत येते, आणि आजाराच्या जोडीला व्यसन लागते. वस्तीतल्या काही दारुड्यांच्या मुळाशी हीच न सांगितलेली भीती असू शकते.

कुठे जावे?

हा आजार स्वतःच्याच उपचाराची वाट अडवतो. ज्याला खिडकीवर बोलता येत नाही, त्याने ओपीडीच्या रांगेत उभे राहून अनोळखी डॉक्टरला मन कसे उघडून दाखवावे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. म्हणून पुढील सोपे मार्ग सुचवतो.

फोन : १४४१६ हा सरकारी 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. आजारी माणसाला बोलणे जमत नसेल तर आई, भाऊ, मैत्रीण फोन करू शकते. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नये, त्याच क्षणी फोन करावा आणि माणसाला एकटे सोडू नये.

रुग्णालय : जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायला सोबतच्या माणसाने पुढे व्हावे.

चिठ्ठी : तोंडाने सांगता येत नसेल तर घरीच कागदावर लिहून न्यावे. उदाहरणार्थ : 'मला लोकांसमोर बोलायची खूप भीती वाटते. नववीपासून आहे. छाती धडधडते, हात कापतात. या वर्षी तोंडी परीक्षा चुकली. वर्गात जातीवरून चिडवत होते. कृपया वाचा.' डॉक्टरांच्या हातात एवढा कागद दिला तरी सुरुवात होते.

'वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना कोणी पाहिले तर?' ही शंका आम्हाला नेहमी ऐकू येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. जात, धर्म, लिंग यांवरून त्यात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

धम्म काय सांगतो?

अंगुत्तर निकायात पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, परिषदेत बुजण्याचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. तिसऱ्याला पालीत 'परिससारज्जभय' म्हणतात. म्हणजे चारचौघांची भीती ही माणसाची जुनी सोबतीण आहे आणि मरणाच्या भयाबरोबर तिचे नाव घेतलेले आहे. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात भगवान बुद्ध स्वतःचा अनुभव सांगतात. रानात चालत असताना भय आले, तर ते ओसरेपर्यंत त्यांनी चालणे थांबवले नाही. बसले असताना आले, तर बसूनच राहिले. आपल्या शिडीवरही हेच करायचे आहे : पळायचे नाही, भीती उतरेपर्यंत टिकायचे.

ध्यानाने मन शांत व्हायला मदत होते. पण ध्यान औषधाच्या जागी येत नाही. उपचार चालू असताना दहा दिवसांच्या शिबिराला जायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, अर्जात आजार लपवू नये आणि गोळ्या बंद करू नयेत. खुद्द बुद्धांवर जीवक वैद्याने उपचार केले होते. गंडेदोरे आणि अंगारे तर आपण मागेच सोडून आलो आहोत, मनाच्या आजाराच्या निमित्ताने ते घरात परत येऊ देऊ नयेत.

घरच्यांनी आणि मंडळांनी काय करावे?

'घाबरू नको' म्हणून भीती जात नाही. चारचौघांत हसू नये आणि जबरदस्तीने स्टेजवर ढकलू नये. त्याची सगळी कामे आपण करूनही टाकू नयेत, कारण त्याने टाळण्याची सवय पक्की होते. 'आज दुकानापर्यंत मी सोबत येतो, पैसे तू दे,' हे वाक्य जास्त उपयोगी पडते. छोटी पायरी जमली तर शांतपणे शाबासकी द्यावी.

जयंती मंडळांना आणि विहार समित्यांना आमची एक विनंती आहे. यंदा भाषणांच्या यादीबरोबर आणखी कामांचीही यादी करा : फलक लिहिणे, पुस्तकांचा स्टॉल सांभाळणे, बसल्या जागेवरून चार ओळी वाचणे. जे मूल आज चार ओळी वाचेल, ते उद्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आपले नाव सांगेल. आणि जे पोटदुखीचे कारण सांगून घरात पडून राहील, त्याच्या घरी सभेनंतर कोणीतरी जा. भाषणाचा विषय काढू नका. शेजारी बसा आणि १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून ठेवून या.

जय भीम! नमो बुद्धाय!