संगणकाचा स्वागतसंदेश आणि नकाराचे क्रमांक

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या टर्मिनलवर प्रवेशापूर्वी दिसणारा मजकूर ‘इश्यू’ या फाइलमध्ये, तर प्रवेशानंतरचा संदेश ‘एमओटीडी’ या फाइलमध्ये लिहिलेला असतो. पहिला मजकूर परक्याच्याही दृष्टीस पडतो. म्हणून त्यात प्रणालीची आवृत्ती न देता केवळ अधिकृत वापराची सूचना असावी. देखभालीच्या वेळा दुसऱ्यात द्याव्यात.

जोडणी न झाल्यास याच प्रणालीत ठराविक त्रुटिक्रमांक असतात. १११ म्हणजे जोडणी नाकारली गेली. बहुधा तेथील सेवा बंद असते. ११० म्हणजे मुदतीत उत्तर आले नाही. ११३ म्हणजे तेथवर जाण्याचा मार्ग सापडला नाही.

‘यंत्र बंद आहे’ एवढेच न कळविता क्रमांक व वेळ नोंदवून ठेवावी. त्यायोगे दोष शोधणे सुकर होते आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाचा हेलपाटा वाचू शकतो.