लाल विंचवाचा दंश आणि गार पडलेले हात

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात पडण्यापूर्वीची पाच मिनिटे आठवा. छातीत धडधडते, तळहात घामाने ओले होतात आणि बोटे मात्र गार पडतात. हे काम ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या दोन द्रव्यांचे. मनाला धोक्याची चाहूल लागली की ती रक्तात उतरतात. हृदय जोराने चालू लागते, कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि तेथे रक्त कमी पोचल्यामुळे बोटे थंड होतात. पेपर सोपा निघाला तर थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. पण ही द्रव्ये तासन् तास रक्तात येतच राहिली तर? कोकणातला लाल विंचू चावला म्हणजे असेच होऊ शकते.

कोकणातील मुलांना विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही. मोठी काळी इंगळी पाहिली की भल्याभल्यांची घाबरगुंडी उडते. पण तिच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. खरा घातकी तो लहानखुरा लाल विंचू. शास्त्रज्ञ त्याला हॉटेंटोट्टा टॅम्युलस म्हणतात. दगडांखाली, भिंतीच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात तो दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. अंधारात अनवाणी चालणाऱ्याचा पाय किंवा पेंढा उपसणाऱ्याचा हात त्याच्या नांगीखाली सापडतो.

त्याचे विष काय करते? मज्जापेशीच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी दारे असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. तेवढ्यात संदेश पुढे जातो. विंचवाच्या विषामुळे ही दारे वेळेवर मिटत नाहीत. मग मज्जातंतू विनाकारण संदेश पाठवीत राहतात. सुरुवातीला उलट्या होतात, लाळ गळते, दरदरून घाम सुटतो. त्यानंतर ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन यांचा पूर येतो.

या पुराने माणूस का मरतो, हे समजण्यासाठी बागेत पाणी घालायची नळी घ्या व तिचे तोंड अंगठ्याने दाबा. आत दाब वाढल्याचे तुम्हांला जाणवेल. पंपाने पाणी सोडत असाल तर त्याच्यावर ताण येईल. शरीरात रक्तवाहिन्या आवळल्या की हृदयरूपी पंपाची अशीच गत होते. आधीच विषाच्या माऱ्याने हैराण झालेले हृदय हा भार पेलू शकत नाही. रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी साचते, आणि रुग्णाचा श्वास कोंडून तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. लहान मुलांच्या बाबतीत हे सारे काही तासांतच घडते.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांतही याविषयी फारच थोडी माहिती होती. विंचू चावलेली मुले येत आणि बावस्करांच्या डोळ्यांसमोर दगावत. त्यांनी जे केले ते ऐकायला अगदी साधे वाटते. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम आहे का, हात गार आहेत की ऊबदार, याच्या नोंदी ते ठेवू लागले. मोठी यंत्रे हाताशी नसताना संशोधन करता येत नाही असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. दंशाच्या जागी असह्य वेदना होऊन जो रुग्ण ओरडतो, पण ज्याला इतर काही होत नाही, तो बहुधा वाचतो. उलट ज्याच्या वेदना कमी, पण जो उलट्या करतो, घामाने भिजतो आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याची काळजी करायला हवी! आणि असा रुग्ण सुधारू लागला की हातपाय ऊबदार होतात व दंशाची जागा पुन्हा ठणकू लागते. ही पूर्वचिन्हे सांगणारा बावस्करांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

निदान झाले, पण उपाय? त्या काळी निरनिराळी झोपेची व ॲलर्जीवरची औषधे, स्टिरॉइडे वापरून पाहत. त्यांचा उपयोग दिसेना. बावस्करांनी वेगळा विचार केला. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हृदय थकत असेल, तर त्या सैल का करू नयेत? प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचे औषध वापरले. पण ते थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते, आणि उजेडाने बिघडते म्हणून झाकून ठेवावे लागते. खेड्यातल्या दवाखान्यात हे कोण सांभाळणार? मग त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. ही रक्तदाबावरची साधी, तोंडाने घ्यायची गोळी. नॉरॲड्रिनॅलिन रक्तवाहिनीच्या ज्या ‘कुलपात’ किल्लीसारखे बसते, तेच कुलूप ती अडवून धरते. १९८६ साली तिच्याविषयीचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात सुमारे तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आले, असे बावस्करांनी नोंदविले आहे.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, ‘हा फरक गोळीमुळेच कशावरून? नंतरच्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर आले असतील.’ शंका रास्त आहे. जुन्या आणि नव्या काळाची तुलना नेहमीच थोडी लंगडी असते. तिच्यावर तोडगा म्हणजे एकाच काळातील रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्या पाडणे. कोणता उपचार कोणाला, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोडायचे. शिक्षकांनी हा खेळ वर्गात करून पाहावा. चाळीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलून दोन तुकड्या करा आणि दोन्हींची सरासरी उंची काढा. ती बरीच जुळते. पण तुम्ही स्वतः निवड केलीत तर?

लाल विंचवाच्या विषावर पुढे प्रतिविष तयार झाले. ते प्राझोसिनच्या जोडीला द्यावे का, हे ठरविण्यासाठी डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या पतिपत्नींनी महाडला अशीच चाचणी घेतली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण सत्तर, तुकड्या पस्तीस-पस्तीसच्या. एकीला नुसते प्राझोसिन, दुसरीला प्राझोसिन व प्रतिविष. दहा तासांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या तुकडीतले ३२ जण पूर्ण बरे झाले होते, पहिलीतले फक्त ८. बरे होण्यास सरासरी दुसरीला ८ तास लागले, पहिलीला १७.७. मात्र प्रकृती आणखी खालावलेल्यांची संख्या दोन्हींत जवळजवळ सारखीच होती: ४ आणि ५. म्हणजे प्रतिविषाने आराम लवकर पडला, पण आजार बळावणे त्याने थांबविले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवाय कोणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते, ही या चाचणीची मर्यादा. चांगले संशोधन वाचताना अशा गोष्टीही वाचायच्या असतात.

हिंमतरावांना २०२२ साली ‘पद्मश्री’ मिळाली. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट निराळी आहे. गोळी स्वस्त आहे, पण ती पहिल्या काही तासांत मिळाली तरच तिचा खरा उपयोग. म्हणून आडगावच्या तरुण डॉक्टरला शिकवायचे ते हे, की दंशाची जागा पाहून झाली की रुग्णाचे तळहात हातात घ्या. ते गार असतील तर थांबू नका.

आणि तुमच्या घरी असा प्रसंग आला तर? जागा साबणाने धुवा. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्र घालणाऱ्याकडे वेळ घालवू नका. घाम, उलट्या, गार हातपाय यांची वाट न पाहता दवाखाना गाठा. लहान मुलाला तर लगेच न्या. दंश किती वाजता झाला हे डॉक्टरांना सांगा. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणूनच दवाखान्यातही ही गोळी दिल्यावर रुग्णाला आडवे ठेवतात आणि एकदम उठू देत नाहीत.