निर्णयांमागील कारणांची नोंद

पाणलोट विकास, नळपाणी पुरवठा किंवा शाळेची इमारत ही कामे एकट्या व्यक्तीची नसतात. ग्रामसभा, पंचायत, तांत्रिक अधिकारी आणि लाभधारक यांच्या विचारविनिमयातून ती आकार घेतात. पंचायतीची मुदत ५ वर्षांची असते. अधिकाऱ्यांच्या बदल्याही होतात. माणसे बदलली तरी काम मात्र चालू राहावयाचे असते.

अशा वेळी इतिवृत्तात “ठराव सर्वानुमते मंजूर” एवढीच नोंद आढळली, तर बंधाऱ्यासाठी अमुक जागा का नाकारली, याचा उलगडा होत नाही. मग तीच चर्चा पुन्हा करावी लागते, किंवा पूर्वी विचारपूर्वक नाकारलेला पर्याय स्वीकारला जाऊन निधी वाया जातो.

या दृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९९४ मध्ये आदर्श गाव योजनेत समाविष्ट झालेल्या या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांबरोबरच शेतीसाठी विंधन विहिरी न घेण्याचा निर्बंध स्वीकारला. तेथे पर्जन्यमानाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवून, उरलेल्या पाण्यानुसार पिके ठरविली जातात. निर्णयाबरोबर त्याचा आधारही लोकांसमोर राहतो, हे या पद्धतीचे मर्म होय.

प्रत्येक महत्त्वाच्या ठरावासोबत पुढील बाबी नोंदविणे इष्ट ठरेल:

१. सोडवावयाचा प्रश्न व त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती.
२. विचारात घेतलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणे.
३. घेतलेला निर्णय व त्यास झालेला विरोध.
४. अंमलबजावणीची जबाबदारी व मुदत.
५. फेरविचाराची तारीख आणि प्रत्यक्ष आलेला अनुभव.

यांपैकी पाचवी बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. वस्तुतः अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर हेच पुढील कामाचे शिक्षण असते. निर्णय बदलल्यास जुनी नोंद खोडू नये. नव्या ठरावात जुन्याचा क्रमांक व बदलाचे कारण द्यावे. ठरावांची विषयवार सूची ठेवावी आणि कार्यभार सोपविताना ती नव्या व्यक्तीस समजावून द्यावी. नोंद सोप्या मराठीत असावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. चूक राहिल्यास ती तेथेच दुरुस्त होते. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

दप्तर हे केवळ तपासणीसाठी नसते. गावाने श्रम व पैसा खर्चून मिळविलेले शहाणपण पुढील पिढीच्या हाती देण्याचे ते साधन आहे.