वणवा : वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

रानात लागून पसरत जाणाऱ्या आगीला मराठीत ‘वणवा’ म्हणतात. संस्कृतातील ‘वनदव’ हे या शब्दाचे मूळ होय. येथे ‘दव’ म्हणजे रानातील आग. पहाटे पानांवर दिसणाऱ्या दवाशी त्याचा संबंध नाही. ‘दावानल’ हा तत्सम शब्दही याच अर्थाचा आहे. चुलीतला, दिव्यातला अग्नी माणसाच्या ताब्यात असतो. वणवा ताब्याबाहेर गेलेला असतो.

वाच्यार्थ

सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात उंच गवत वाढते. फाल्गुन-चैत्रात ते वाळते आणि एका ठिणगीनेही पेट घेते. उत्तराखंडात चीड वृक्षांच्या गळलेल्या सुयांमुळे आग झपाट्याने पसरते. २०१६ च्या उन्हाळ्यात तेथील वणवे विझविण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले.

आपल्या देशात बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. कोणी विडीचे जळते थोटूक टाकतो, तर कोणी नवे गवत चांगले यावे या समजुतीने माळ पेटवतो. त्यात कोवळी रोपे व पक्ष्यांची घरटी जळतात आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. आग पुढे सरकू नये म्हणून वनखाते गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवते. त्याला ‘जाळरेषा’ म्हणतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे.

लक्ष्यार्थ

शब्दाचा मूळ अर्थ वाक्यात जुळत नसेल, तर त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घ्यावा लागतो. तो लक्ष्यार्थ होय. पुढील प्रयोगांत वणव्याचा वेगवेगळा गुण घेतलेला आहे.

१. वैशाख वणव्यात रस्ते ओस पडले. (दाहकता)
२. बातमी वणव्यासारखी गावभर पसरली. (वेग, ‘सारखी’ या शब्दामुळे ही उपमा झाली.)
३. १८५७ मध्ये मेरठला पेटलेला उठावाचा वणवा दिल्ली, कानपूर, झाशीपर्यंत पोहोचला. (विस्तार)
४. दंगलीच्या वणव्यात सारी वस्ती होरपळली. (विनाश)

चौथ्या प्रयोगाचा अधिक विचार करायला हवा. वणव्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. दंगलीतही निरपराध माणसे भरडली जातात. तेवढ्यापुरता हा शब्द नेमका आहे. परंतु ‘दंगलीचा वणवा भडकला’ या वाक्यात ‘वणवा’ हाच कर्ता आहे. अफवा उठविणारा, दगड मारणारा माणूस त्यात कोठेच दिसत नाही. दंगल जणू नैसर्गिक आपत्तीच वाटू लागते. वास्तविक रानातला वणवाही सहसा आपोआप लागत नाही. म्हणून असे वाक्य वाचताना तीन प्रश्न मनात यावेत : ठिणगी कोणी टाकली? वाळलेले गवत कशाचे साचले होते? जाळरेषा वेळीच का आखली गेली नाही?

पाठगत प्रश्न

१. ‘महागाईच्या वणव्यात गरीब होरपळतो.’ येथे वणव्याचा कोणता गुण घेतला आहे?
२. ‘आगीत तेल ओतणे’ व ‘पोटात आगडोंब उसळणे’ यांचा लक्ष्यार्थ लिहा.
३. ‘दंगलीचा वणवा भडकला’ हे वाक्य करणारी माणसे दिसतील अशा रीतीने पुन्हा लिहा.