मेमरी संपली की बळी कोणाचा?

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवरचा डेटाबेस रात्री अचानक बंद पडतो. त्याच्या लॉगमध्ये काहीच नसते. असे का?

उत्तर : कर्नलचा लॉग पाहा, तिथे बहुधा ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद सापडेल. प्रोग्रॅमने मागितलेली मेमरी लिनक्स सहसा कबूल करते, प्रत्यक्षात देते मात्र वापराच्या वेळी. सगळ्यांनी एकदम हात घातला की कॅश रिकामी होते, स्वॅप भरते; तरीही भागले नाही तर कर्नल बहुधा सर्वाधिक मेमरी अडवणाऱ्यालाच मारतो. मारण्यासाठी तो पाठवतो तो सिग्नल ९ अडवता येत नाही, म्हणून डेटाबेसला शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. त्याचा ‘ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट’ उणे १००० केल्यास तो वाचेल, पण बळी दुसऱ्याचा जाईल. त्यापेक्षा रात्रीची बॅकअपसारखी कामे तपासा, त्यांना सीग्रुपने मर्यादा घाला.